मुर्दोलीचा चढ

८ जानेवारी १९३८, शनिवार

खळ्यावरचं धानाचं चुरणं संपलं. लोकांना आता बोलायला वेळ आहे, म्हणून दादांच्या ओसरीवर आज माझा विषय निघाला.

गोष्ट आश्विनातली आहे. धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. आमच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, घरातल्या एकाच माणसाच्या हातात असतं. बाबा गेल्यापासून ते माझ्याकडे आहे. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाण्यात उतरायचं, बुडी मारायची, तळाशी चाचपून मोरीतली लाकडी खुंटी उपसायची आणि वर यायचं. मी खुंटी उपसली. वर यायला थोडा उशीर झाला, कारण पाय गवतात अडकला होता. टिकारामनं उगाच उडी टाकली आणि दंडाला धरून मला वर काढलं. त्याची काही गरज नव्हती. पण पाळीवर सगळं गाव उभं होतं.

तेव्हापासून दादा, म्हणजे माझे थोरले बंधू केशोराव, म्हणतात की तुडूम आता टिकारामकडे द्यावं. टिकाराम त्यांचाच मुलगा.

"उमराव, तुही छाती गेली आता," ते म्हणाले. "सत्तावन वर्साच्या मानसानं पान्यात कायले बुडावं?"

मी म्हणालो, "याच छातीनं वाघनदीचा, चिल्पीचा आन बैहरचा, तिन्ही घाट सायकलीनं ओलांडून येतो. बोला."

शेजारचा केवलराम म्हणाला, "सायकलीनं का जिभीनं?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी सुपारी फोडली, तोंडात टाकली.

"जाय मंग. पैदल ढकलत नेली तरी चालते. पर घाटात मधी बसाचं नाई. पान्यात मधी बसता येते का? बसला का तुडूम टिक्याचं. न बसता आला तं मरेवरी तुहं."

"पाहाले कोन राहीन?"

"टिक्याच येते संग."

ज्याला तुडूम मिळायचं, तोच साक्षीदार. दादांचा न्याय असा असतो. मी हो म्हणालो.

१० जानेवारी, सोमवार

निघालो. बायकोनं, धुरपतानं, मुर्रा, गूळ आणि दोन कांबळी बांधून दिली. दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. टिकारामला मात्र पाळीवर थांबवून बराच वेळ काही सांगत होती. तेलाच्या डब्याचं असावं. डबा त्याच्याकडे आहे.

माझी सायकल मी सौंदडच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची. टिकारामची नवी आहे, मागच्या वर्षी गोंदियाहून आणलेली.

१२ जानेवारी, बुधवार

देवरीपर्यंत सडक चांगली होती. पुढे जंगल, आणि त्यात वाघनदीच्या अलीकडचा घाट. लहान आहे. तरुणपणी मी तो सायकलीवरून न उतरता चढलो होतो. आज अर्ध्यात उतरलो आणि ढकलायला लागलो. कानात धमधम सुरू झाली होती, तेवढ्यात मागून हाक आली.

"काकाजी, थांबा जी! साखळी पडली!"

थांबावं लागलं. दुसऱ्यासाठी थांबणं म्हणजे बसणं नव्हे, हे मी तिथंच त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

"नाई जी. साखळी माही पडली, तुमी कायले बसाल?"

मी सायकलीला टेकून उभा राहिलो. साखळी चढवायला त्यानं फार वेळ लावला. ढकलत नेलेल्या सायकलीची साखळी कशी पडते, असं विचारलं. म्हणाला, दगड लागला.

त्याला हाताचं काम कधीच नीट आलं नाही. आणि असा मुलगा तुडूम मागतो.

१५ जानेवारी, शनिवार. डोंगरगड सोडून एका गावाच्या चावडीत

सपाट मुलूख. लिहिण्यासारखं काही नाही. बैठक सोलवटली आहे. डाव्या गुडघ्यात पायडल मारताना काहीतरी सरकतं. सकाळी बोटं मिटत नाहीत.

वाटेत जे तलाव दिसले त्यांच्या पाळी पाहत गेलो. एका तलावाची पाळ कोपऱ्यात खचलेली होती आणि तिच्यावर माणसं बसून विड्या ओढत होती. टिकारामला दाखवलं. तो म्हणाला, "दोन पावसायात फुटते." बरोबर बोलला. पाहायला त्याला येतं. पाहणं आणि बुडणं यांत फरक आहे.

१८ जानेवारी, मंगळवार. कवर्धा

उद्या चिल्पी. इथून डोंगराची रांग निळी दिसते, आणि आपण ज्याला डोंगर म्हणतो ते हे नव्हे हे कळतं.

जेवताना टिकाराम म्हणाला, "काकाजी, एक दिवस राहून जाऊ. माहे पाय दुखून राहिले."

"तुहे पाय दुखते तं तू राहा."

मला आता त्याचं सगळं दिसायला लागलं आहे. चढाला एकदा दम जमला की तो मोडू द्यायचा नसतो. मोडला की पुन्हा जमवताना माणूस जास्त थकतो. हे त्यालाही माहीत आहे, म्हणून तो ऐन चढात साखळीचं निमित्त होऊ देतो. मी थकून एकदा खाली बसावं, एवढंच त्याला हवं आहे. नव्या सायकलीची साखळी कुणी इतकी ढिली ठेवत नाही.

हे दादांना सांगता येणार नाही. मुलाविरुद्ध बोलतो म्हणतील.

१९ जानेवारी, बुधवार. चिल्पी

चढलो. न बसता.

सकाळी पायथ्याला लागलो आणि उन्हं कलली तेव्हा वर आलो. प्रत्येक वळणापाशी वाटायचं की हे शेवटचं, आणि पुढं तसंच दुसरं असायचं. टिकारामची साखळी किती वेळा पडली ते मोजणं सोडून दिलं. मी पहिल्या दोन वेळा रागावलो. नंतर रागवायला श्वास उरला नाही.

अर्ध्यात एक रिकामी बैलगाडी मागून आली. गाडीवान बिसराम नावाचा, छत्तीसगढी बोलणारा. माझ्याकडं पाहून म्हणाला, "बइठ जा सियान, साइकिल ला घलो डार दे." सियान म्हणजे म्हातारा माणूस; सायकलही गाडीत टाक म्हणाला.

मी काही म्हणायच्या आत टिकाराम म्हणाला, "सियान नहीं बैठते."

मीही तेच म्हणणार होतो.

टिकारामनं खाली वाकून पुन्हा साखळीला हात घातला. गाडीवान थोडा वेळ ते पाहत राहिला. मग हसला. "रेंगत साइकिल के चैन गिरथे गा?" म्हणजे पायी चालणाऱ्या सायकलीची साखळी पडते का, असं. टिकाराम त्याला हळू आवाजात काही बोलला. गाडीवानानं हसणं थांबवलं आणि निघून गेला. वळणावर त्यानं मागं वळून मला हात जोडले. का, ते कळलं नाही.

वर वारा होता. आलो तिकडचं पाणी महानदीला जातं, पुढचं दुसरीकडं. खिंडीच्या अंगाला एक खोलगट जागा आहे. दोन टेकड्यांमध्ये बांध घातला तर तलाव होईल. सलंग, म्हणजे जादा पाणी जायची वाट, डाव्या हाताला, कातळावरून. मी टिकारामला जागा दाखवली. त्यानं विचारलं, "आन तुडूम?" मी सायकल पुढं काढली.

२१ जानेवारी, शुक्रवार. सुपखार

गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सायकलीच्या दांड्याला हात लावला तर कातडी चिकटली.

निघालो तेव्हा धुकं होतं. पुढं सडकेला फाटा फुटला. मैलाचा दगड नाही, माणूस नाही. टिकाराम म्हणाला, "डाव्या हाताची सडक. रात्री उतरलो त्या बंगल्याच्या चौकीदारानं सांगतली."

उजवीकडच्या वाटेला लागून ओहोळ वाहत होता. मी म्हणालो, "पानी कोनतीकडं चाललं?"

"उजव्या हातानं."

"मंग? आपून तलावाचे मानूस. सडक कोनी बी काहाडते."

आमच्या गावचं पाणी चुलबंद नदीला जातं, चुलबंद वैनगंगेला. आमच्या मुलखात मी पाहिलेला प्रत्येक ओहोळ शेवटी वैनगंगेलाच मिळतो. पाण्यासोबत राहिलं की माणूस बालाघाटला उतरणार, यात शंका नव्हती.

"पर चौकीदार..." टिकाराम म्हणाला.

"चौकीदारानं किती पाळी बांधल्या?"

तो हसला आणि माझ्या मागं आला.

२२ जानेवारी, शनिवार

दिवसभर उतार. सालाचं जंगल, मऊ वाट, बाजूला नदी. धाप नाही. छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. बैहरचा घाट राहिला तो आता फक्त उतरायचा, असं टिकारामला म्हणालो.

आज त्याची साखळी एकदाही पडली नाही. दोष चढाच्या ताणाचा असावा. घरी गेल्यावर एक कडी काढून टाकायला सांगितलं पाहिजे.

२३ जानेवारी, रविवार

नदी मोठी झाली. एका गोंड वस्तीपाशी म्हातारी पाणी भरत होती. तिला नदीचं नाव विचारलं.

"हालोन."

"वैनगंगा को किधर मिलती?"

तिनं घागर खाली ठेवली. "कहाँ की बैनगंगा? ये तो आगे बुढनेर में जाती है. फिर नर्मदा माई." मग तिनं आतल्या सुनेला हाक मारून सांगितलं की दोन माणसं साइकिल घेऊन बैनगंगा शोधत आली आहेत. सूनही बाहेर येऊन पाहून गेली.

आम्ही दोन दिवस घराकडे पाठ करून उतरत होतो. जेवढं उतरलो तेवढं सगळं आता चढायचं आहे.

मी तिच्या अंगणात बसलो. हा घाट नव्हता, म्हणून चालतं.

टिकाराम बराच वेळ उभा होता. बोलायला त्याला भरपूर जागा होती. मी त्याच्या वयाचा असतो तर बोललो असतो. तो म्हणाला, "पानी आपल्या बराबर रस्त्यानं गेलं जी. आपूनच परक्या पान्याच्या मांगं लागलो."

"आपून नाई. मी."

"मी बी होतोच ना मांगं."

म्हातारीनं कोदोचा भात आणि पातळ पेज दिली. मी जेवलो आणि तिथंच झोपलो. दिवसा मी कधी झोपत नाही.

२६ जानेवारी, बुधवार. बैहर

दोन दिवस लिहिलं नाही. हात वर होत नव्हता.

चढलो. बसलो नाही. टिकारामची साखळी पडत राहिली. चढ संपत आला की ती पडायची थांबते, हे काल लक्षात आलं. आणखी एक. हाक यायच्या जरा आधी माझ्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो.

याचा काही संबंध नसेल.

२७ जानेवारी, गुरुवार. उकवा

बैहरहून उकव्यापर्यंत चढच आहे. हा शेवटचा. पलीकडे घाट उतरला की बालाघाट, आणि मग आपला सपाट मुलूख.

चढाच्या मध्यावर हाक आली. मी थांबलो. टिकाराम म्हणाला की तो खालच्या नाल्यावरून पाणी घेऊन येतो, मग साखळी चढवतो. तो गेला. मला वाटलं, आपणच चढवून टाकू. उभ्याउभ्या जमेल.

साखळी जागेवर होती. बोट लावून पाहिलं. घट्ट होती, जेवढी असायला हवी तेवढी.

तेलाचा डबा त्याच्या पिशवीत होता. झाकण निघेना, दातानं काढावं लागलं. डबा काठोकाठ भरलेला होता. घरून निघाला तसा.

मी झाकण पुन्हा बसवलं, डबा पिशवीत ठेवला आणि माझ्या सायकलीजवळ जाऊन उभा राहिलो.

धुरपता पाळीवर तेलाचं बोलत नव्हती.

टिकाराम आला. मला पाणी दिलं. माझ्याकडं पाठ करून खाली बसला आणि साखळीशी खुडबूड करू लागला. मी ती पाठ पाहत होतो. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "झालं का जी? निघाचं?"

साखळी त्याची, आणि विचारलं मला. हे तो पहिल्या दिवसापासून विचारत आला आहे.

२९ जानेवारी, शनिवार. गोंदिया

स्टेशनसमोर चहा घेतला. दुकानदारानं आमच्या सायकलींवरचा चिखल पाहून विचारलं, "कहाँ से आ रहे हो दादाजी?"

टिकारामनंच सांगितलं. वाघनदी, चिल्पी, सुपखार, बैहर. हालोनचं गाळलं.

"इस उमर में?"

"एक भी घाट में नहीं बैठे," टिकाराम म्हणाला. "पूछो इनको."

दुकानदारानं चहाचे पैसे घेतले नाहीत. टिकाराम इतका खूश होता की मला त्याच्याकडं पाहवेना. चहा पूर्ण प्यालो नाही.

३० जानेवारी, रविवार

गोंदियाहून पहाटे निघालो. गोरेगाव मागं टाकलं. पुढं मुर्दोलीचं जंगल, आणि त्यात तो चढ. त्याला घाट म्हणायचं म्हणजे थट्टा आहे. आमच्याकडची गुराखी पोरं तो पळत चढतात. बाया डोक्यावर मोळी घेऊन बोलत बोलत चढतात.

टिकाराम पुढं होता. इथं काळजीचं कारण नाही असं त्याला वाटलं असावं. मी अर्ध्यात उतरलो.

"टिकाराम," मी हाक मारली. "साखळी पडली."

तो परत आला. त्यानं माझ्या साखळीकडं पाहिलं. ती जागेवर होती. मग माझ्याकडं पाहिलं. मी सडकेच्या कडेला बसलो होतो. टेकलो नव्हतो. बसलो होतो.

"काकाजी, उठा जी. आता काय राहिलं? घरी जाऊन बसा."

"बस."

"मी कोनाले सांगत नाई."

"माहीत आहे मले. बस म्हनतो ना."

त्यानं सायकल मोहाच्या झाडाला लावली आणि माझ्या बाजूला बसला. आम्ही समोरच्या जंगलाकडं पाहत होतो. मी त्याला सांगायला सुरुवात केली. पाळीच्या दगडी पायऱ्या संपल्या की उजवा हात भिंतीला ठेवायचा, सोडायचा नाही. खाली गाळ लागेल, त्याला पाय लावायचा नाही, पाणी गढूळ होतं. खुंटी सरळ ओढली तर येत नाही. आधी आपल्याकडं कलती करायची, मग उपसायची. उपसली की मोरी ओढते, तेव्हा अंग आडवं ठेवायचं.

तो सगळं ऐकत होता. बोटानं मातीत खुंटीचा आकार काढत होता. मग त्यानं विचारलं, "आन तिथचं गवत? कोनत्या बाजूनं आहे?"

"गवत नाई तिथं."

खाली काढलेली खुंटी त्यानं हातानं पुसली.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "झालं का? निघाचं?" आणि आम्ही उठलो.

गावात पोचलो तेव्हा दादा ओसरीवरच होते. केवलराम होता, आणखी पाचसहा जण होते. धुरपता दाराआड उभी होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग टिकारामकडं.

दादांनी त्यालाच विचारलं. "झाले का तिन्ही घाट?"

"झाले."

"बसला का कुठं?"

"कोनत्याच घाटात नाई," टिकाराम म्हणाला. "माहीच साखळी पडे घडीघडी. काकाजी उभे राहत."

दादांनी मान हलवली. "मंग बोलाचं काही कामच नाई. तुडूम उमरावचं."

केवलरामनं माझ्या पाठीवर थाप मारली. गप्प राहायचं असतं तर ही जागा चांगली होती.

"बसलो," मी म्हणालो. "मुर्दोलीले."

केवलराम मोठ्यानं हसला. "मुर्दोली! अबे, तो का घाट आहे? तिथं तं माही बकरी बी बसत नाई!"

सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते माझ्याकडं पाहत राहिले. लहानपणी ताप भरला की असे पाहायचे.

"घाटच आहे तो," ते म्हणाले. हळूच म्हणाले. "चढ आहे मंजे घाटच आहे." मग टिकारामला म्हणाले, "जाय, काकाची सायकल घरात ठेव."

धुरपतानं पाय धुवायला गरम पाणी आणून ठेवलं. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"पाय वर करा. चिखल किती लावून आनला."

१७ फेब्रुवारी, गुरुवार

उसाला आज पाणी सोडलं. टिकाराम उतरला. मी पाळीवर त्याचं धोतर हातात घेऊन उभा होतो.

तो खाली गेला तसा मीही श्वास धरला. कधी धरला ते कळलं नाही. मला तो आधी सोडावा लागला. मग काही वेळानं तो वर आला.